पंपाच्या इंजिनातील कार्ब्युरेटर ओसंडणे : निदान व दुरुस्ती

यवतमाळ जिल्हा हा मुख्यत्वेकरून कोरडवाहू शेतीचा जिल्हा होय. दक्षिणेकडून पैनगंगा व पूर्वेकडून वर्धा या नद्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहतात; अडाण, अरुणावती, पूस व बेंबळा या नद्या जिल्ह्याच्या अंतर्भागातून जातात. पावसाने ओढ दिली म्हणजे बोंडे धरू लागलेल्या कपाशीस किंवा फुलोऱ्यातील तुरीस एखादे संरक्षित पाणी वेळेवर मिळणे अगत्याचे असते. जेथे विजेची तार पोहोचलेली नाही अशा नदीनाल्याच्या काठी व शेततळ्यांवर हे पाणी उचलण्यास पेट्रोलवर अथवा रॉकेलवर चालणारे लहान, उचलून नेता येण्याजोगे पंपसंच उपयोगी पडतात.

या पंपसंचांबाबत नेहमी आढळून येणारी एक तक्रार अशी की, इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होत नाही, झालेच तर काळा धूर ओकते, आणि कार्ब्युरेटरखाली इंधन ठिबकत राहते. यास कार्ब्युरेटर ओसंडणे किंवा कारागिरांच्या भाषेत ‘ओव्हरफ्लो’ असे म्हणतात. असे झाले म्हणजे पुष्कळदा समोर दिसेल तो स्क्रू फिरविला जातो. त्यामुळे मूळ दोष तसाच राहून दुसरा नवा दोष निर्माण होतो. वास्तविक पाहता ओसंडण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासल्यास दोष कोठे आहे हे कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वीच बहुधा कळून येते.

कार्ब्युरेटरचे कार्य

इंधन द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागतात. हे काम कार्ब्युरेटर करतो. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १५ भाग हवा असे असते. मापाने पाहू गेल्यास एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. यावरून हवेचा मार्ग थोडाही तुंबला अथवा इंधन थोडेही जास्त झाले तर इंजिनाचे काम का बिघडते हे ध्यानात येईल.

कार्ब्युरेटरच्या तळाशी एक लहान वाटी असते. टाकीतील इंधन प्रथम या वाटीत येते. वाटीत पितळेचा किंवा प्लास्टिकचा एक पोकळ तरंगक असतो. त्यास फ्लोट म्हणतात. वाटी भरू लागली की फ्लोट वर उचलला जातो व आपल्याबरोबर एका टोकदार सुईस वर ढकलतो. ही सुई इंधन येण्याच्या छिद्रात, म्हणजे आपल्या बैठकीत, घट्ट बसली की इंधन येणे थांबते. इंजिनाने इंधन ओढून घेतले की वाटीतील पातळी उतरते, फ्लोट खाली येतो, सुई सुटते व पुन्हा इंधन येऊ लागते. घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगत्या गोळ्याची तोटी असते, तिच्यासारखीच ही योजना आहे. फ्लोट व सुईचा असा कार्ब्युरेटर हंगेरीतील दोनात बांकी व यानोश चोंका या अभियंत्यांनी १८९३ मध्ये नोंदविला होता. लहान इंजिनांत त्याचे तत्त्व आजही बदललेले नाही.

वाटीतील इंधनाची पातळी ही तुषार उडविणाऱ्या नळीच्या तोंडापेक्षा किंचित खाली असावी लागते. सुईने छिद्र पुरते बंद केले नाही तर पातळी चढत जाऊन इंधन नळीच्या तोंडातून आपोआप वाहू लागते. यालाच ओसंडणे म्हणावयाचे.

गळतीकडे दुर्लक्ष केल्यास होणारी हानी

ठिबकणारा थेंब लहान दिसतो म्हणून पुष्कळजण तिकडे काणाडोळा करतात. तथापि दर सेकंदास एक थेंब गळाला तरी तासाभरात ७० ते ९० मिलिलिटर इंधन वाया जाते आणि तोटी उघडी राहिल्यास एका रात्रीत पाऊण ते एक लिटर जाते. हा खर्चाचा भाग झाला.

याहून मोठे नुकसान दिसून येत नाही. ओसंडलेले सर्व इंधन बाहेरच पडते असे नाही. त्यातील काही भाग सिलिंडरमध्ये उतरतो व पिस्टनच्या कड्यांवरून झिरपून क्रँककेसमधील वंगणतेलात मिसळतो. चार फेऱ्यांच्या लहान इंजिनात हे तेल जेमतेम अर्धा ते पाऊण लिटर असते. त्यात पेट्रोल अथवा रॉकेल मिसळले की ते पातळ होते आणि त्याचा वंगणाचा गुण नाहीसा होतो. अशा तेलावर इंजिन चालविल्यास पिस्टन, सिलिंडर व बेअरिंगे थोड्याच अवधीत घासून निकामी होतात. एका सुईच्या दुरुस्तीवर भागणारे काम मग संपूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

तिसरा धोका आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व खळग्यात साचून राहते. विडी, चूल, गरम सायलेन्सर किंवा विजेची ठिणगी यांचा स्पर्श होताच ती पेट घेते. यास्तव दुरुस्तीचे काम मोकळ्या हवेत, इंजिन पुरते थंड झाल्यावर व विस्तवापासून दूर करावे. वेचलेला कापूस ज्या खोलीत साठविला असेल तेथे हे काम कदापि करू नये.

उघडण्यापूर्वीची परीक्षा

ओला प्लग दिसला म्हणजे कार्ब्युरेटरच बिघडला असे समजणे चूक आहे. पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे चोक. थंड इंजिन सुरू करताना हवा रोखणारी ही झडप बंद करतात. परंतु इंजिन सुरू होताच ती उघडावी लागते. ती बंद ठेवून दोरी वारंवार ओढल्यास सिलिंडरमध्ये इंधन साचते. काही जुन्या इंजिनांच्या कार्ब्युरेटरवर फ्लोट दाबण्याची कळ असते. ती अधिक वेळ दाबून धरल्यासही हाच परिणाम होतो. हा चालविणाऱ्याचा दोष होय, यंत्राचा नव्हे.

दुसरी गोष्ट हवेची गाळणी. काळ्या जमिनीची बारीक धूळ आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत उडणारे तंतू गाळणीवर थर धरतात. हवा कमी पडली की इंधन आपोआप अधिक होते. गाळणी काढून इंजिन क्षणभर चालवावे. काळा धूर लागलीच नाहीसा झाल्यास दोष गाळणीचा आहे असे समजावे. मात्र गाळणीवाचून इंजिन अधिक काळ चालवू नये.

तिसरी गोष्ट इंजिनाची मांडणी. नाल्याच्या उतरत्या काठावर पंप कलता ठेवल्यास वाटीही कलते. त्यामुळे फ्लोट एका बाजूस टेकतो व सुई नीट बसत नाही. सपाट जागी ठेवल्यावर गळती थांबल्यास काहीही उघडण्याचे कारण नाही. काठ खोदून पंपापुरता सपाट ओटा करावा.

चौथी गोष्ट ठिणगी. ठिणगी पडली नाही तर आत आलेले इंधन जळत नाही आणि प्लग ओला होतो. अशा वेळी चांगला असल्याची खात्री असलेला दुसरा प्लग बसवून पाहावा. इंजिन इंधनाने भिजलेले असताना प्लग उघडा धरून ठिणगी पाहण्याचा प्रयत्न करू नये. त्याने आग लागण्याचा संभव असतो.

पाचवी गोष्ट केवळ पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांबाबत आहे. असे इंजिन रॉकेलवर चालत असतानाच बंद केले तर वाटीत रॉकेल राहते. थंड इंजिनात रॉकेलची पुरेशी वाफ होत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होत नाही व प्लग ओला होतो. येथे कार्ब्युरेटर निर्दोष असतो. वाटीतील रॉकेल काढून टाकून पेट्रोल सोडावे, आणि पुढे इंजिन बंद करण्यापूर्वी काही मिनिटे ते पेट्रोलवर चालविण्याची सवय ठेवावी.

या पाचही गोष्टी ठीक असल्यास शेवटची व निर्णायक परीक्षा करावी. पंप सपाट जागी ठेवावा, कार्ब्युरेटर बाहेरून पुसून कोरडा करावा, त्याखाली पांढरा कागद अंथरावा आणि इंजिन बंद असतानाच इंधनाची तोटी उघडून १० मिनिटे थांबावे. कागदावर थेंब पडला अथवा हवेच्या मार्गात ओल आली तर सुई छिद्र बंद करीत नाही हे निश्चित झाले. गळती केवळ वाटीच्या सांध्यातून असल्यास पॅकिंग खराब झाले असे समजावे. थेंब मुळीच न पडता चालू इंजिनातून काळा धूर येत असल्यास दोष हवेच्या मार्गात, चोकमध्ये किंवा जेटमध्ये शोधावा.

गळती आढळल्यास स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वाटीवर हलकेच दोन-तीन वेळा ठोकावे. तेवढ्याने गळती थांबल्यास सुईखाली कचऱ्याचा कण अडकला होता किंवा फ्लोट चिकटला होता. हा तात्पुरता उपाय झाला. पाण्याची पाळी उरकल्यावर कार्ब्युरेटर साफ केलाच पाहिजे.

इंधनाने भरलेले इंजिन मोकळे करणे

सिलिंडरमध्ये इंधन साचले असता प्रथम तोटी बंद करावी, इंजिनाचा स्विच बंद करावा व प्लग काढावा. चोक उघडा व थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोरी सावकाश आठ-दहा वेळा ओढावी म्हणजे साचलेले इंधन बाहेर पडते. प्लगच्या छिद्रासमोर तोंड किंवा हात ठेवू नये. दोरी मध्येच अडत असल्यास ती बळाने ओढू नये. सिलिंडर द्रवाने भरलेला असल्याची ती खूण आहे, आणि बळ केल्यास आतील भाग वाकण्याची भीती असते. प्लग पुसून, १०-१५ मिनिटे वाळवून मगच पुन्हा बसवावा.

कार्ब्युरेटर उघडणे

काम सुरू करण्यापूर्वी स्वच्छ फडके, पांढरी थाळी, योग्य मापाचा पान्हा, स्क्रू ड्रायव्हर आणि नवीन पॅकिंग जवळ घ्यावे. भ्रमणध्वनीवर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन ठेवल्यास जोडणीच्या वेळी घोटाळा होत नाही.

तोटी बंद करून वाटीतील इंधन डब्यात काढावे. ते काचेच्या बाटलीत ओतून पाहावे. तळाशी माती, गंज किंवा पाण्याचा थेंब दिसल्यास दोषाचे मूळ टाकीत व साठवणीच्या कॅनमध्ये आहे. ती साफ केल्याशिवाय केवळ कार्ब्युरेटर साफ करण्यात अर्थ नाही.

वाटीचा बोल्ट काढून वाटी खाली घ्यावी. फ्लोट ज्या बारीक खिळीवर झुलतो ती खिळी हलकेच सरकवून फ्लोट व सुई एकत्र बाहेर काढावी. सुई लहान असल्याने ती थाळीवर काढावी. मातीत पडल्यास सापडत नाही.

फ्लोटची तपासणी : फ्लोट कानाजवळ धरून हलवावा. आत द्रव खळखळत असल्यास तो फुटला आहे. शंका असल्यास तो गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात बुडवून धरावा. छिद्र असल्यास तेथून बुडबुडे निघतात. जड झालेला फ्लोट तरंगत नाही, त्यामुळे सुई कधीच बंद होत नाही. पितळी फ्लोट डाग देऊन पुन्हा वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. परंतु फ्लोटच्या आत पेट्रोलची वाफ राहिलेली असते व ती उष्णतेने स्फोट पावू शकते. सबब फ्लोट नवीन घालावा.

सुई व बैठक यांची तपासणी : सुईचे टोक उजेडात धरून पाहावे. टोकाभोवती कड्यासारखी खाच पडलेली दिसली अथवा रबरी टोक फुगले, मऊ पडले वा चिरले असेल तर सुई बदलावी. जी बैठक आटे फिरवून काढता येते ती सुईबरोबर जोडीनेच बदलणे उत्तम. जुन्या बैठकीवर नवी सुई नीट बसेलच असे नाही. बैठक कार्ब्युरेटरच्या अंगातच घडविलेली असल्यास आगकाडीवर मऊ फडके गुंडाळून ती हलकेच फिरवीत पुसावी. तार, टाचणी किंवा पॉलिशकागद लावू नये. त्याने पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

येथे एका नव्या बाबीचा उल्लेख करणे अवश्य आहे. देशात २०२५ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जात आहे. जुन्या इंजिनांतील काही रबरी भाग इथेनॉलमुळे फुगतात किंवा मऊ पडतात. इथेनॉल पाणीही शोषून घेते; ते प्रमाणाबाहेर झाले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात. यास्तव सुई, पॅकिंग व इंधननळी नव्याने घेताना ती अशा पेट्रोलास टिकणारी आहेत याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी.

जेट व स्क्रू : जेटची छिद्रे केवळ हवेने फुंकून साफ करावीत. तारेने छिद्र मोठे होते आणि मग इंजिन नेहमीच अधिक इंधन खाते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवावे व बसविताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर ठेवावा.

जोडणी व फ्लोटची उंची

नवी सुई फ्लोटच्या पट्टीत अडकवून दोन्ही एकत्र बसवावीत व खिळी सरकवावी. नंतर कार्ब्युरेटर उलटा धरावा म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होते. इंधन येण्याच्या तोंडास नवी, कोरडी रबरी नळी लावून हलकेच फुंकावे. हवा मुळीच जाता कामा नये. फ्लोट बोटाने उचलताच ती मोकळी गेली पाहिजे. इंधनाने भिजलेली नळी तोंडात धरू नये. ही परीक्षा उतरली नाही तर पुढे जाऊ नये; सुई व बैठक पुन्हा पाहावी.

उलट्या स्थितीतच फ्लोटची उंची पट्टीने मोजावी. ती यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी असावी. अंतर जुळत नसल्यास फ्लोटची धातूची जीभ किंचित वाकवावी. मात्र वाकविताना सुईवर दाब पडू देऊ नये. प्लास्टिकच्या अखंड फ्लोटची उंची बदलता येत नाही. तेथे माप चुकल्यास फ्लोट अथवा सुई बदलणे हाच उपाय आहे.

नवीन पॅकिंग घालून वाटी बसवावी. बोल्ट बेताने आवळावा. अति आवळल्यास आटे जातात. यानंतर पांढऱ्या कागदाची १० मिनिटांची परीक्षा पुन्हा करावी.

कागद कोरडा राहिला तरी इंजिन लगेच सुरू करू नये. आधी तेलमापक दांडी काढून पाहावी. तेलाची पातळी वाढलेली असेल, तेल पातळ लागत असेल किंवा त्यास इंधनाचा वास येत असेल तर ते सर्व काढून नवीन तेल भरावे. सर्व दुरुस्तीत हीच गोष्ट विसरली जाते व तीच सर्वांत महाग पडते.

बचाव नौकेचे इंजिन

पैनगंगेस पूर आला म्हणजे काठच्या गावांस नौकेची गरज पडते. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला होता, तेव्हा तेथील लोकांच्या सुटकेसाठी बचाव पथकास जावे लागले. नौकेच्या मागे लावावयाच्या इंजिनांपैकी ज्यांना कार्ब्युरेटर असतो त्यांतही हीच सुई व हाच फ्लोट असतात. असे इंजिन वर्षातील बहुतेक महिने पडून असते. वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते व मागे चिकट राळेसारखा थर राहतो. त्यात सुई चिकटते आणि नेमकी गरजेच्या दिवशी गळती होते.

या इंजिनाच्या इंधननळीवर हाताने दाबावयाचा रबरी फुगा असतो. वाटी भरून सुई बंद झाली की फुगा कडक लागतो. तो दाबूनही कडक होत नसेल आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल वाहत असेल तर सुई बंद होत नाही असे समजावे. फुगा कडक झाल्यावरही जोराने दाबीत राहिल्यास चांगली सुईसुद्धा आपल्या जागेवरून उठते, म्हणून तेथेच थांबावे. इंजिनास थंड ठेवणारे पाणी मिळत असल्याशिवाय ते परीक्षेसाठीही सुरू करू नये. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच ही परीक्षा उरकणे श्रेयस्कर होय.

दोष पुन्हा न उद्भवावा म्हणून

इंधन टाकीत ओतताना ते बारीक जाळीच्या गाळणीतून किंवा घट्ट विणीच्या स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे. कॅन झाकणाचा असावा व तळाशी उरलेले इंधन टाकीत ओतू नये. पंप बंद करताना प्रत्येक वेळी तोटी बंद करावी. सुई खराब असली तरी या एका सवयीने रात्रीची गळती टळते. पंप वाहून नेण्यापूर्वीही तोटी बंद असावी, कारण बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या हादऱ्याने सुई उठते. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून वाटीतील इंधन संपवावे व उरलेले काढून टाकावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील पंपधारकांस एका ठिकाणी बोलावून पांढऱ्या कागदाची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. तीस एक कागद व १० मिनिटे यांखेरीज काहीही लागत नाही. ज्या पंपांत गळती आढळेल त्यांची सुई व पॅकिंग तेव्हाच बदलून घ्यावीत. पावसाने ओढ दिल्यावर बोंडे धरलेली कपाशी दुरुस्तीसाठी थांबत नाही. म्हणून ही तपासणी पाण्याची गरज पडण्यापूर्वीच पुरी झालेली असावी.